हाताने घडवलेल्या जुन्या स्लॉट कार : पितळी नळी, पियानो वायर आणि अनोळखी माणसाची झाळ

गॅरेजवाला

गेल्या महिन्यात इथल्या रविवारच्या जुन्या बाजारातून मासेमारीची एक पत्र्याची पेटी घेतली. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे. पेटीत गळ आणि शिशाचे मणी असतील असं समजून कुणी ती उघडूनही बघत नव्हतं. मी झाकण उचललं आणि आयोडेक्सचा वास आला. आत काय असणार ते मला तेवढ्यावरूनच कळलं. स्लॉट कारच्या स्पंजच्या टायरांना पकड यावी म्हणून विंटरग्रीनचं तेल चोळायचे. आपल्या आयोडेक्समध्ये तेच द्रव्य असतं. वरच्या कप्प्यात बूच सैल झालेली तेलाची बाटली होती, शेजारी दंतचक्रं, कार्बन ब्रश, तांब्याच्या वेणीच्या पट्ट्या. खालच्या कप्प्यात फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या तीन चासी.

स्लॉट कार ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या ट्रॅकमध्ये एक चर असते. चरीच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून १२ व्होल्ट डीसी खेळतं. गाडीच्या नाकाखाली एक छोटं पातं असतं, ते चरीत उतरतं. त्याला लावलेल्या वेण्या पट्ट्यांना घासत जातात आणि मोटरला वीज मिळते. हातातल्या कंट्रोलरने वेग कमी-जास्त करायचा. बस.

पण १९६४ ते १९६७ या काळात अमेरिकेत या खेळाचं वेड होतं. व्यापारी रेसवे गावोगाव उघडले होते, आठ-आठ लेनचे मोठे ट्रॅक. तासाप्रमाणे पैसे भरायचे आणि १/२४ मापाची आपली गाडी पळवायची. सांता आनाची कॉक्स, व्हेनिसची रेव्हेल, शिवाय मोनोग्राम, स्ट्रॉम्बेकर, रसकिट अशा कंपन्या तयार गाड्या आणि किट विकत. पण शर्यत जिंकायची असेल तर पोरं स्वतःची चासी स्वतः घडवत. पितळेची नळी, पितळेची सळई, पियानो वायर (कडक पोलादी तार), सोल्डर आणि घरातलं टेबल. मी बोलतोय ते या हाताने घडवलेल्या गाड्यांबद्दल.

पेटीतली पहिली चासी पिटमन डीसी-६५ मोटरसाठी केलेली, म्हणजे साठच्या दशकाच्या पूर्वार्धातली. ती साधी आहे. तिसरी अर्धवट. मधली मात्र मी रोज रात्री दिव्याखाली धरून बघतो. मबुचीची एफटी-१६ मोटर सरळ बसवलेली, दोन्ही बाजूंना पितळी नळ्यांचे पट्टे, आणि पुढे ड्रॉप आर्म. म्हणजे पातं ज्या तुकड्यावर बसतं तो तुकडा बिजागरीवर सैल सोडलेला. वळणातून बाहेर येताना वेग घेतला की गाडीचं नाक उचलतं. पातं नाकाला घट्ट जोडलेलं असेल तर तेही चरीतून वर येतं आणि गाडी उडते. ड्रॉप आर्म असेल तर नाक उचललं तरी पातं स्वतःच्या वजनाने चरीतच राहतं. केवढी साधी गोष्ट आहे! पण ती सुचायला कुणालातरी शंभर वेळा गाडी उडताना बघावी लागली असेल.

त्या मधल्या चासीची झाळ बघा. एकूण चौदा सांधे आहेत. तेरा सांध्यांत सोल्डर नखाच्या कडेइतकं पातळ, कुठेही गोळा नाही. चौदावा, डाव्या मागच्या बुशपाशी (आस ज्यात फिरतो ते कडं), जाड आणि खडबडीत. तो नंतर घाईत दुरुस्त केलेला दिसतो, बहुतेक रेसवेवरच, दोन फेऱ्यांच्या मध्ये. मोटरच्या ब्रॅकेटवर कानशीच्या रेघा आहेत त्या नेहमीच्या उलट बाजूला कललेल्या. माझ्या मते तो डावखुरा होता. नाव नाही, आद्याक्षरं नाहीत.

मला हे का भिडतं ते सांगतो. १९६८ च्या सुमारास गिरगावात आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरचे एक काका मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी इंग्लंडहून स्केलेक्स्ट्रिकचा सेट आणला होता. तिथेही घरातली वीज आपल्यासारखीच, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर थेट लागला. दिवाळीत गॅलरीत चटई अंथरून ट्रॅक मांडायचे आणि प्रत्येक पोराला मोजून दोन फेऱ्या. माझी गाडी दुसऱ्या फेरीला उडून चपलांच्या ढिगाऱ्यात जायची. मोटरच्या ब्रशमधून येणारा तो जळका, गोडसर वास अजून नाकात आहे. नंतर काका बदलून गेले आणि सेटही गेला. इथे आल्यावर वीस वर्षांनी एका दुकानात तोच वास आला आणि मी आत शिरलो.

फोटो पुढच्या प्रतिसादात टाकतो. तुमच्यापैकी कुणी या गाड्या पळवल्या किंवा बनवल्या असतील तर जरूर लिहा.

पाऊसवेळ

काय सुंदर लिहिलंय! हा खेळ मला अजिबात माहीत नव्हता. एक प्रश्न विचारते, अडाणी वाटला तरी. गाडी जर चरीतूनच जाणार असेल, स्टिअरिंग नाहीच, तर मग चालवणाऱ्याचं कौशल्य कशात? सगळं चासी बनवणाऱ्याचंच नाही का?

गॅरेजवाला

प्रश्न अगदी नेमका आहे. कौशल्य बोटात असतं. वळणाच्या किती आधी सोडायचं आणि वळणात किती परत दाबायचं. सोडल्यावर चांगल्या कंट्रोलरमध्ये मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. मग फिरणारी मोटर स्वतःच जनित्र होते आणि गाडीला ब्रेक लागतो. सुरुवातीच्या स्केलेक्स्ट्रिकला नुसतं चालू-बंदचं बटण होतं. पुढे अंगठ्याने दाबायचे कंट्रोलर आले, मग रसकिटचा पिस्तुलाच्या घोड्यासारखा. आत रोधक तारेची गुंडाळी असते आणि घोडा जितका दाबाल तितका रोध कमी. चांगला खेळाडू गाडीकडे बघतच नाही, तो वळणाकडे बघतो.

आणि हो, गाडी बनवणारा आणि चालवणारा बहुतेक एकच असायचा. हातातून जे जाणवलं ते रात्री टेबलावर दुरुस्त करायचं. मला या छंदात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

मिडलंड्स

वा! मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, चाळीस वर्षं झाली. आमच्या क्लबात महिन्यातून एक रात्र फक्त जुन्या गाड्यांची असते. इंग्लंडच्या बाजूने थोडी भर घालतो.

स्केलेक्स्ट्रिकचे जनक फ्रेड फ्रान्सिस. हा माणूस टूलमेकर, म्हणजे तुमच्याच जातकुळीतला, गॅरेजवाला. १९५२ मध्ये त्यांच्या मिनीमॉडेल्स कंपनीने स्केलेक्स नावाच्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या काढल्या. त्यांचा खप उतरू लागल्यावर त्यांनी गाडीत विजेची मोटर घातली, ट्रॅक रबराचा केला आणि स्केलेक्स व इलेक्ट्रिक जोडून नाव ठेवलं. १९५७ च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात ती मांडली आणि मागणी इतकी आली की छोट्या कंपनीला पेलेना. पुढच्याच वर्षी ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सना ती विकली. पहिल्या गाड्यांत मासेराती २५० एफ होती, पत्र्याची. माझ्याकडे एक आहे, डाव्या बाजूचा रंग उडालेला. चालते अजून.

पण कल्पना त्याहून जुनी. अमेरिकेतल्या लायोनेलने १९१२ मध्येच रुळावर धावणाऱ्या विजेच्या मोटारी विकल्या होत्या. आणि इकडे स्केलेक्स्ट्रिकच्या आधी साउथपोर्टच्या मॉडेल इंजिनिअरिंग क्लबसारख्या ठिकाणी लोक चरीऐवजी उंच रुळावर गाड्या पळवत होते, सगळ्या हाताने केलेल्या. चर आल्यावर रूळ मागे पडला. एअरफिक्सच्या गाड्यांत तर पातं वळलं की पुढची चाकंही वळायची. वेगाला त्याचा फारसा उपयोग नाही, पण वळणावर ती चाकं वळताना बघणं हे सुख आहे.

तुमच्याकडचे पितळी सांगाडे आमच्याकडे उशिरा पोचले. आमच्याकडे १/३२ चं माप आणि घरगुती ट्रॅक, तुमच्याकडे १/२४ आणि रेसवे. दोन वेगळे संसार.

उद्यमनगर

कोल्हापुरात वडिलांचं मोटर भरायचं दुकान होतं, मी दहावीपासून हाताखाली. पंप, मिक्सर, ड्रिल मशीन, सगळी आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) भरली आहेत. एवढ्याशा मबुचीचं आर्मेचर हाताने भरायचे? कसं? आमच्या मिक्सरच्या आर्मेचरला लेदरॉइड कापून घालतानाच डोळे दुखतात.

गॅरेजवाला

या, तुमच्यासारख्या माणसाचीच वाट बघत होतो. मबुचीचं आर्मेचर तीन पोलांचं, करंगळीच्या पेराएवढं. कंपनीची तार बारीक आणि वेढे पुष्कळ. पोरं ती सोडून जाड तार कमी वेढ्यांत भरायची. रोध कमी, करंट जास्त, वेग जास्त, आणि अर्थात उष्णता जास्त. हाव केली की कम्युटेटरवरचं (ब्रश ज्यावर घासतात त्या गोल भागावरचं) सोल्डर वितळून गोल फेकलं जायचं आणि गाडी धूर सोडून थांबायची. इन्सुलेशनला लेदरॉइड नाही, पोलांवर इपॉक्सीचा पातळ थर. तिन्ही पोलांवर वेढे मोजून सारखे, ताण सारखा.

मग समतोल. दाढीची दोन ब्लेड समांतर आणि अगदी सपाट उभी करायची आणि त्यांच्या धारेवर आर्मेचरचा दांडा ठेवायचा. जड पोल आपोआप खाली येऊन थांबतो. त्या पोलाच्या पत्र्याला बारीक छिद्र घेऊन किंवा घासून वजन काढायचं, पुन्हा ठेवायचं. कुठेही ठेवलं तरी तिथेच राहिलं की झालं. एका आर्मेचरला माझी पूर्ण संध्याकाळ जाते आणि ती संध्याकाळ मला फार प्रिय असते.

एक सावधगिरी. जुन्या अमेरिकन नोंदींत ३० नंबरची तार म्हणजे सुमारे ०.२५ मिमी. आपल्याकडची ३० नंबर एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश मापाची तार, ०.३१५ मिमी भरते. नंबर बघून तार आणलीत तर वेढे मावणारच नाहीत. मायक्रोमीटर लावा.

उद्यमनगर

हे लाख मोलाचं सांगितलंत. ब्लेडची युक्ती वडिलांना माहीत होती, ते ग्राइंडरच्या छोट्या आर्मेचरला वापरायचे. मला वाटायचं त्यांनीच शोधली.

तिसरी_घंटा

एक मत वेगळं मांडतो. पेटीतली ती मधली चासी तुम्ही साफ करून, नवे टायर घालून पळवायला हवी. गाडी आहे ती. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवलेली गाडी म्हणजे कुलूपबंद तबला. मी जुने रेडिओ दुरुस्त करतो आणि मी प्रत्येक रेडिओ वाजता करूनच सोडतो.

गॅरेजवाला

तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि तरी मी तसं करणार नाही. का, ते सांगतो.

दहा वर्षांपूर्वी मला अशीच एक हातची चासी मिळाली होती. काळी पडलेली. मोटरवर मास्किंग टेपचा तुकडा, त्यावर शाईने काहीतरी लिहिलेलं, वेढ्यांचा आकडा असावा. मी ती घरी आणली आणि आई देवाची भांडी घासायची तशी चिंच आणि मीठ लावून घासली. सोन्यासारखी झाली. कोमट पाण्याने धुतली, पुसली, कपाटात ठेवली. टेप धुण्यातच सुटून गेला होता, माझं लक्षही गेलं नाही. दोन महिन्यांनी बघतो तर ड्रॉप आर्म हलेना. बिजागरी म्हणजे पितळी नळीत पियानो वायर. पियानो वायर पोलादाची. चिंचेचं आंबट पाणी नळीत केसाएवढ्या फटीतून शिरलं होतं आणि आत राहिलं होतं. वायर आतून गंजून नळीला धरून बसली. सोडवायला गेलो तर तुटली. नवी घातली, चासी चालू झाली, पण ती आता माझी दुरुस्ती झाली. त्या माणसाने कुठल्या तारेने किती वेढे घातले हे जगात फक्त त्या टेपवर होतं.

रेडिओचं वेगळं आहे. त्याचा आराखडा कंपनीने छापलेला असतो, तसे हजारो निघालेले असतात. हाताने घडवलेल्या चासीचा आराखडा ती चासीच. म्हणून मी आता असं करतो. जुनीला फक्त कोरडा ब्रश आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब. आणि तिच्यावरून मापं घेऊन शेजारी नवी घडवायची. पळवायची ती नवी. मधल्या चासीची जुळी निम्मी झाली आहे.

तिसरी_घंटा

टेपचं वाचून वाईट वाटलं. मत मागे घेत नाही, पण तुम्ही जुळी करताय म्हटल्यावर भांडण उरत नाही. तिचे फोटो टाका.

पाऊसवेळ

चिंचेवरून आठवलं. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा तेव्हा तो भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मग कथील फिरवायचा. तुमचं सोल्डर पितळेवर असंच बसतं का?

गॅरेजवाला

तंतोतंत असंच! नवसागर पितळेवरचा मळ खातो आणि कथील धातूला थेट चिकटतं. सोल्डरमध्येही कथीलच असतं. आम्ही आम्लाचा फ्लक्स वापरतो, काम तेच. आधी दोन्ही तुकड्यांना कल्हई केल्यासारखा पातळ थर द्यायचा, मग तुकडे जिगवर, म्हणजे त्यांना जागेवर धरणाऱ्या साच्यावर, पक्के धरून उष्णता द्यायची. सोल्डर फटीत स्वतःहून धावत जातं, त्याला ढकलावं लागत नाही. ढकलावं लागलं तर समजायचं की पितळ पुरेसं तापलेलं नाही. आणि काम झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवायचं, नाहीतर माझ्या चिंचेची गत.

मिडलंड्स

बॉडीबद्दल कुणी विचारलंच नाही. ती नीट बसली नाही तर गाडी डोळ्याला गाडी वाटत नाही. तुमच्या पेटीत होती का?

गॅरेजवाला

एक होती, लोला टी-७० या रेसिंग कारची, ब्युटिरेट प्लास्टिकची. पिवळी पडून चाकाच्या कमानीपाशी तडकलेली. सुरुवातीला या पारदर्शक बॉड्या ब्युटिरेटच्याच असत, नंतर लेक्सान हे चिवट प्लास्टिक आलं, ते तडकत नाही. पत्रा तापवून साच्यावर निर्वाताने ओढून घेतात. रंग आतून द्यायचा. म्हणजे सगळं उलट्या क्रमाने. आधी नंबर, पट्टे, खिडक्यांच्या काळ्या रेघा आणि सगळ्यात शेवटी मुख्य रंग. जुन्या वाड्यांत काचेच्या मागून रंगवलेली चित्रं असायची, त्यांतही डोळ्याची बाहुली आधी आणि पार्श्वभूमी शेवटी. तोच हिशेब.

खऱ्या लोलाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ९५ इंच. २४ ने भागलं की चार इंचांना जराशी कमी. पेटीतली मधली चासी मोजली तर तेवढीच भरली. म्हणजे ही बॉडी त्याच चासीची. हे जुळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

बोहरी_आळी

पुण्याहून. मी गेले दहा दिवस हा धागा वाचतोय आणि शेवटी सामान आणलं. पितळी नळ्या आमच्या बोहरी आळीत मिळाल्या. मोटर पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घेतली, एका जुन्या खेळण्यातली. ट्रॅकसाठी एमडीएफच्या फळीत राउटरने चर पाडून घेतोय, दोन्ही बाजूंना तांब्याची चिकटपट्टी लावणार आहे. दोन प्रश्न. मोटर सरळ ठेवू की आडवी? आणि हा सगळा प्रकार एवढा गाजला होता तर बंद का पडला?

गॅरेजवाला

तुम्ही फार आनंद दिलात.

पहिल्या चासीला मोटर सरळच ठेवा. मोटरचा दांडा आणि मागचा आस काटकोनात, मध्ये क्राउन गिअर. सोपं आहे. मोटर आडवी, म्हणजे आसाला समांतर ठेवली तर साधे गिअर चालतात आणि शक्ती कमी वाया जाते, पण मोटरची लांबी दोन चाकांच्या मध्ये मावत नाही, टायर अरुंद घ्यावे लागतात. १९६८ मध्ये जीन हस्टिंग यांनी मोटर तिरपी बसवून हा पेच सोडवला. तिरपी म्हणून जागा मिळाली, टायर रुंद झाले आणि गिअर साधेच राहिले. त्याला अँगलवाइंडर म्हणतात. वर्षभरात बाकीचं सगळं जुनं झालं. जुनी चासी हातात आली की मी आधी मोटरचा कोन बघतो. तिरपी असेल तर ती ६८ च्या आधीची असणं जवळजवळ अशक्य.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच थोडं आहे. वेग इतका वाढला की नवीन पोरगं किटमधली गाडी घेऊन रेसवेवर गेलं की पहिल्या मिनिटात मागे पडायचं. दर महिन्याला नवी मोटर, नवी चासी, खर्च वाढत गेला. रेसवेही गरजेपेक्षा जास्त उघडले होते. १९६७-६८ मध्ये ते धडाधड बंद झाले. काही राहिले. इथे आजही १५५ फुटांचे किंग ट्रॅक आहेत. त्यांवर आजच्या गाड्या दोन सेकंदांच्या आत फेरी मारतात. डोळ्याला गाडी दिसत नाही, नुसता रंगाचा पट्टा. मला त्याचं कौतुक आहे, पण माझा जीव रमतो तो जिथे गाडीचं नाक उचललेलं दिसतं तिथे. सुदैवाने जुन्या पद्धतीच्या पितळ-वायरच्या गाड्यांच्या शर्यती पुन्हा भरू लागल्या आहेत.

बोहरी_आळी

पहिला सांगाडा झाला. सरळ आहे, चारही चाकं काचेवर टेकतात. पण ड्रॉप आर्म अडकतोय. नळी ३/३२ इंची, वायर १/१६ इंची, तुम्ही फोटोखाली लिहिली होती तीच. घालताना छान फिरत होती. झाळ दिल्यावर घट्ट झाली.

गॅरेजवाला

सोल्डर नळीत शिरलंय. फ्लक्स आत गेला की सोल्डर त्याच्या मागे जातंच. वायर तापवून ओढून काढा, नवी घ्या. नळीत जाणारा तिचा भाग मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी धरू द्या, वर तेलाचं बोट फिरवा. काजळीवर सोल्डर बसत नाही. आणि झाळ देताना डाग बिजागरीपासून जितका दूर देता येईल तितका द्या, उष्णता कमी वेळ. मी पहिल्या तीन चासींना हीच चूक केली होती.

उद्यमनगर

काजळीऐवजी पेन्सिलीचं शिसंही चालेल बहुतेक. आम्ही मोटरच्या नटला लावतो.

गॅरेजवाला

चालेल. मऊ पेन्सिल घ्या, ६बी वगैरे.

बोहरी_आळी

रात्री साडेअकरा. ६बी लावली, दुसरी वायर घातली, डाग लांब दिला, सोड्याच्या पाण्याने धुऊन हेअर ड्रायरने वाळवला. चासी हातात धरून नाक वर केलं. आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडतोय. मुलगी शेजारी बसली आहे, ती गेली दहा मिनिटं नुसतं वर-खाली करून बघतेय.